सतरा नंबरची बदली

नाचणगावाहून नदीकडे जाणाऱ्या वाटेवर फॉर्स्टर मिलिटरी अकादमीचं फाटक आहे, आणि त्या फाटकावर नत्थू कुमरे नावाचा म्हातारा पंधरा वर्षांपासून सलाम ठोकतो आहे. त्याचे सलामही एका जातीचे नाहीत. गाडीतून येणाऱ्या आईबापांसाठी नुसती हनुवटी वर. तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी दोन बोटं कपाळाशी, कारण ते बिचारे परके, त्यांना काय माहीत. आणि अकादमीचे अध्यक्ष प्रफुलबाबू नगरधने यांच्यासाठी डावा हात. कानामागे खाजवायला जातो जातो म्हणतो आणि वाटेत सलाम करून टाकतो. प्रफुलबाबूंना पंधरा वर्षांत त्यातलं काही कळलं नाही. सलाम मिळाला की झालं. हात कुठला, हे पाहायला मान वळवावी लागते.

"आन् उजव्या हाताचा?" त्याची बायको बायजा कधी विचारायची.

"तो पेटीत हाये," नत्थू सांगायचा. "त्याचा मालक अजून यायचा हाये."

नत्थूची शाळा चौथीपर्यंत. मग पुलगावच्या गिरणीत लागला, गिरणीनं मान टाकली तसा वीटभट्टीवर गेला, आणि साठीला आल्यावर या फाटकाशी येऊन बसला. घरात नवराबायको अजून गोंडीत भांडतात, बाहेरच्यांशी वऱ्हाडीत गोड बोलतात. म्हाताऱ्याची जीभ मोठी गमतीची. कोणाचा अपमान करायचा असला की आधी दोन वाक्यं त्याचं कौतुक करायचा. समोरचा खुशीत असतानाच तिसरं वाक्य यायचं, आणि ते त्याला घरी गेल्यावर समजायचं.

आता या अकादमीचा इतिहास. तो दोन प्रकारचा आहे. एक छापलेला आणि एक नत्थूच्या बापाचा.

छापलेला असा, की १९२४ साली इंग्रज सरकारनं मध्य प्रांतातल्या मालगुजारांच्या, वकिलांच्या आणि जिनिंगवाल्यांच्या पोरांना लष्करी वळण लागावं म्हणून ही कॅडेट शाळा काढली. चाळीसएक पोरं, बारा ते अठरा वर्षांची. एक गोरा मेजर, दोन हवालदार, अकरा घोडे. इथून शूरांच्या फौजा घडल्या, वगैरे वगैरे. फौजा! तेवीस वर्षांत या शाळेतून लढाईवर निघालेला पोरगा एकच, आणि तोही इगतपुरीच्या अलीकडे गालगुंड होऊन परत आला. गावात तर शाळेचं नावही कोणी घेत नसे, सगळे 'कंपू' म्हणायचे. सत्तेचाळीसला मेजर बोटीत बसला, घोडे लिलावात गेले, बराकींत आधी सरकी भरली, मग बकऱ्या बांधल्या. बकऱ्यांनी मात्र साठ वर्षं इमानानं तो कंपू सांभाळला. पुढे पुलगावात खताबियाण्याचं दुकान करणाऱ्या प्रफुलबाबूंना आपल्या आजोबांची आठवण झाली, बकऱ्या बाहेर गेल्या, चुना लागला, आणि फाटकावर 'स्थापना १९२४' अशी पाटी चढली. मधली साठ वर्षं पाटीवर मावली नाहीत.

अकादमीच्या मैदानात झेंड्याच्या खांबाखाली गोट्यांचा मोठा ढीग आहे. नदीतले गुळगुळीत दगड, एकेक पक्क्या पाच शेराचा, आणि प्रत्येकाच्या वरच्या अंगाला पांढऱ्या रंगात एक नंबर. त्या ढिगाला प्रफुलबाबूंनी नाव दिलं 'शौर्यशिळा'. म्हणजे ज्या कॅडेटनं पराक्रम केला, त्यानं वर्धा नदीवरून एक दगड आणून इथे ठेवायचा, अशी प्रथा होती म्हणे. ज्याचे दगड जास्त, तो मोठा वीर. आणि सगळ्यांत जास्त दगड सतरा नंबरचे. एकेचाळीस! सतरा नंबर म्हणजे कोण? तर प्रफुलबाबूंचे आजोबा, नानाजी नगरधने.

दरवर्षी जानेवारीत स्थापनेच्या दिवशी या ढिगासमोर हाजिरी होते. जुन्या कॅडेटांचे नंबर आणि नावं पुकारायची आणि मैदानातल्या चारशे मुलांनी एका आवाजात ओरडायचं, "हाजिर, श्रीमान!" शेवटचा मान सतरा नंबरचा. त्या वेळी प्रफुलबाबू डोळे पुसतात आणि नत्थू फाटकावर तोंडात पदर कोंबायला मिळत नाही म्हणून शेला कोंबतो.

कारण दुसरा इतिहास त्याला तोंडपाठ होता. तो असा, की ते दगड पराक्रमाचे नव्हतेच. ते शिक्षेचे होते.

मेजरसाहेबाची शिस्त साधी होती. पोरगा चुकला की त्यानं पळत नदीवर जायचं, दगड उचलायचा, पळत परत यायचं. जाऊन येऊन चार मैल. मेजर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून दुर्बीण लावायचा. दगड ओला आहे का बघायचा आणि काट्यावर तोलायचा. पाच शेराला कमी भरला की पोरगा पुन्हा नदीवर. मग दगडावर त्या पोराचा नंबर रंगवायचा आणि सगळ्यांसमोर ढिगात टाकायचा, लाज वाटावी म्हणून. ज्याचे दगड जास्त, तो जास्त नालायक, असा तो सरळ हिशेब. मेजरला काय ठाऊक, पाऊणशे वर्षांनी त्याच्या लाजेच्या ढिगाला कोणी हार घालेल म्हणून!

पण खरी गंमत पुढेच आहे. मालगुजाराची पोरं पाच शेर उचलून दोन मैल पळतील? ज्यांनी आंघोळीचा तांब्या कधी स्वतः भरला नाही? प्रत्येक कॅडेटच्या दिमतीला गावातला एक पोरगा असायचा. कंपूत त्याला 'बदली' म्हणत. वाटेच्या मध्यावर, जिथे रस्ता वळतो, तिथे एक मोठी चिंच आहे. व्हरांड्यातल्या दुर्बिणीला चिंचेपर्यंतचं दिसायचं, पलीकडचं नाही. कॅडेट छाती काढून चिंचेपर्यंत पळायचा आणि सावलीत फतकल मारून बसायचा. बदली अनवाणी नदीवर जायचा, दगड खांद्यावर घालून यायचा. मग कॅडेट त्याच्या डोलचीतलं पाणी तोंडावर मारून घामाघूम व्हायचा, दगड उचलायचा आणि धापा टाकत साहेबासमोर हजर. साहेब म्हणायचा, शाबास.

सतरा नंबरचा बदली म्हणजे झिंगरू कुमरे. नत्थूचा बाप.

सतरा नंबरचा एकेक दगड कशाबद्दल, हे झिंगरूनं आपल्या पोराला अंगाईसारखं सांगितलं होतं. मेसमधल्या बरणीतलं लिंबाचं लोणचं चोरलं, एक दगड. मेजरच्या कुत्र्याची बिस्किटं खाल्ली, एक दगड. बिगुलात पेरू कोंबला, एक दगड. गादी ओली केली, सहा दगड. कवायतीत कोरं काडतूस वाजलं म्हणून "आई गं" करून रडायला लागला, दोन दगड. दोन का, तर एक रडण्याबद्दल आणि एक आईचं नाव मराठीत घेतल्याबद्दल. आणि घोड्यावरून पडला त्याचा एक. घोडा उभा होता. घोड्यानं मागे वळून पाहिलं, असं झिंगरू शपथेवर सांगायचा.

इतर बदलीही काही साधुसंत नव्हते. झिंगरू अर्ध्या वाटेत दगड उतरवून पाणी प्यायला वाकला, की दुसरा कोणी तो उचलून पसार व्हायचा. दोनदा असं झालं आणि दोनदा झिंगरूला पुन्हा नदी गाठावी लागली. तेव्हापासून त्यानं एक युक्ती केली. नदीवरच टोकदार गारगोटीनं दगडाच्या बुडाला तीन रेघा ओढायच्या, कोंबडीच्या पायासारख्या. चोर सापडला की दगड उलटा करायचा, "हा पाय कोनाच्या कोंबडीचा, सांग!" वर नंबर सतरा, खाली कोंबडीचा पाय. एकेचाळीसच्या एकेचाळीस दगडांना.

झिंगरूच्या उजव्या खांद्यात खळगा पडला होता. पळी भरून पाणी ओतलं तर राहिलं असतं. एकोणनव्वद साली तो गेला, त्याच्या आदल्या रात्री कूस बदलताना नत्थूला म्हणाला, "त्या ढिगात माहा खांदा ठेवून आलो बापा. नानाजीच्या नावानं नाई, माह्या नावानं कोनी हाक मारली पायजे होती एकडाव."

नत्थूच्या आयुष्यात मागणं म्हणून जे काही होतं, ते एवढंच होतं.

फाटकाची नोकरी त्यानं धरली तीही त्यासाठीच. पहिल्याच वर्षी हाजिरीच्या आधी प्रफुलबाबूंना गाठलं. "बाबूजी, तुमची वाणी म्हंजे मंदिराची घंटा. इतकी नावं पुकारता, एक आखीन पुकारजा. झिंगरू कुमरे."

"कोण हा?"

"माहा बाप. तुमच्या आजोबाचा बदली होता."

प्रफुलबाबू मोठ्यानं हसले. "अरे नत्थू, हाजिरी वीरांची आहे, नोकरांची नाही. उद्या धोबी म्हणेल माझ्या बापाचं घ्या, खानसामा म्हणेल माझ्या. मग मैदानात वीर कोण आणि भांडी कोण घासत होतं, हे कळणार कसं?"

"तेच तं मी म्हन्तो, बाबूजी," नत्थू म्हणाला. "कसं कळन?"

प्रफुलबाबूंना ते आपल्या बाजूचं वाटलं. त्यांनी पाठ थोपटली.

अशी चौदा वर्षं गेली आणि शताब्दीचं वर्ष आलं. सुलोचना मॅडम म्हणून इतिहासाच्या बाई आहेत, त्यांच्याकडे 'गौरवगाथा' लिहायचं काम आलं. बाई प्रामाणिक, पण कागदाशिवाय पाणी न पिणाऱ्या. नत्थूनं त्यांना चिंच, डोलची, दुर्बीण सगळं सांगितलं. बाईंनी चश्मा काढून पुसला.

"काका, ऐकायला छान आहे. पण इतिहासाला पुरावा लागतो."

"मंग नानाजीनं दगड आनला याले काय पुरावा हाये?"

"त्यावर सतरा नंबर आहे ना."

"मॅडम, बैलाच्या पुठ्ठ्यावर मालकाचा डाग रायते. म्हून नांगर मालकानं ओढला का?"

बाई हसल्या, पण लिहिलं तेच, जे अध्यक्षांना हवं होतं. नोकरी त्यांनाही होतीच. फक्त वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं 'झिंगरू?' असं लिहून ठेवलं.

शताब्दीसाठी ढिगाला संगमरवरी चौथरा बसवायचं ठरलं. त्यासाठी दगड उतरवावे लागले. तोवर त्या पवित्र ढिगाला हात लावायची कोणालाच मुभा नव्हती. ते उतरवता उतरवता अनुप मिस्त्री ओरडला, "नत्थूबुवा, इकडे या! याच्या बुडाले कोनतं कोंबडं नाचून गेलं पाहा!"

नत्थू फाटक उघडं टाकून धावला. पहिला दगड उलटा केला, दुसरा केला, तिसरा केला. तीन रेघा. तीन रेघा. तीन रेघा. नव्वद वर्षं उजेड न पाहिलेल्या, काल ओढल्यासारख्या. म्हातारा तिथेच मातीत बसला आणि एकेका खुणेवरून बोट फिरवत राहिला. मग उठून त्यानं प्रफुलबाबूंना आणि सुलोचना मॅडमना बोलावून आणलं. आता कोण काय बोलणार? पुरावा दगडावर होता.

प्रफुलबाबू वाकले. त्यांनी खूण निरखली. त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"त्रिशूल!" ते ओरडले. "मॅडम, लिहा! आमचे आजोबा शिवभक्त होते. गोऱ्या साहेबाच्या नाकाखाली प्रत्येक शौर्यशिळेच्या पोटात त्यांनी गुप्तपणे त्रिशूल कोरला! अरे, ही तर क्रांती आहे!"

"बाबूजी," नत्थू म्हणाला, "तो कोंबडीचा पाय हाये. माह्या बापाची खून हाये ते."

"कोंबडीचा पाय? माझ्या आजोबांच्या दगडावर? नत्थू, आमच्या घरात अंडं चालत नाही!"

एवढं बोलून ते मोबाइलवर फोटो काढायला लागले. आठ दिवसांत 'गौरवगाथे'त 'गुप्त त्रिशूल' नावाचं नवं प्रकरण चढलं. चौथऱ्याच्या संगमरवरावर त्रिशूल कोरला. आणि अकादमीचं नवं बोधचिन्ह म्हणून चारशे टोप्यांवर तीच खूण सोनेरी धाग्यात भरून आली. दांडा जरा लांब केला एवढंच. सकाळी फाटकातून पोरं आत जायची ती एकेक करून झिंगरूच्या कोंबडीचा पाय कपाळावर घेऊन. नत्थूला रडू यावं की हसू यावं कळेना, म्हणून तो शिंकायचा.

पण प्रफुलबाबूंचं पोट एवढ्यानं भरलं नाही. त्यांनी शताब्दीच्या सोहळ्यात 'वारसा दौड' जाहीर केली. जुन्या कॅडेटांच्या वारसांनी नदीवरून एकेक दगड घेऊन पळत यायचं, आणि आपापल्या पूर्वजाच्या नावानं ढिगात ठेवायचा. पाहुणे म्हणून सिंदी मेघ्याला राहणारे एक सेवानिवृत्त कर्नलसाहेब बोलावले. खरे लढलेले, त्यामुळे फार बोलत नसत.

दौडीला चार दिवस असताना प्रफुलबाबू फाटकाशी आले. आजूबाजूला कोणी नाही बघून आवाज खाली आणला.

"नत्थू, माझा गुडघा माहीत आहे ना तुला."

"तुमचा गुडघा म्हंजे, बाबूजी, अकादमीचा पाया."

"हां. तर तुझा सूरज आहे ना, सावंगीच्या हॉस्पिटलात ॲम्ब्युलन्स चालवतो तो. दांडगा आहे. त्याला म्हण नदीवर थांब. मी चिंचेपर्यंत येतो. तो दगड आणील, चिंचेपाशी माझ्याकडे देईल. पुढचं मी बघतो. आणि एक पाण्याची बाटली ठेव म्हणावं. जरा तोंडावर मारायला."

नत्थू त्यांच्याकडे बघतच राहिला. या माणसाला कोणी शिकवलं नव्हतं. आजोबा तो सात वर्षांचा असताना गेले. 'गौरवगाथे'त चिंचेचा शब्द नाही. तरी चिंच तीच, बदली कुमऱ्याचाच, आणि बाटलीसुद्धा विसरला नाही! म्हाताऱ्याला इतका आनंद झाला की उजवा हात कपाळाकडे निघालाच होता. त्यानं तो कसाबसा डाव्यानं धरून ठेवला.

"सांगतो, बाबूजी," तो म्हणाला. "घरचंच काम हाये."

घरी बायजा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती आणि सूरज ड्यूटीवरून येऊन चहा पीत होता. चाळिशीचा गडी, खांद्यानं बापाहून आज्यावर गेलेला. नत्थूनं सगळं सांगितलं तसा तो कप आपटून उभा राहिला.

"आज्यानं उचलले एकेचाळीस. आता बेचाळिसावा म्या उचलू? काऊन? मी काय त्याच्या बापाचा नोकर हावो?"

"उचल नं बापा."

"बाबा, तुमी त्याईचं मीठ खाऊन खाऊन..."

"आयक तं खरं. उचल म्हन्तो. चिंचेपाशी थांब म्हन्लं का म्या?"

बायजाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग सूरजच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरायला लागलं.

"म्हंजे थांबाचं नाई?"

"तू अँबुलन्सवाला. पेशंट घेऊन रस्त्यात कोनासाठी थांबत असते का? सीधा मैदानात. आन् बुडाले खून करजो."

"नोकरी जाईन तुमची," बायजा म्हणाली.

"पंचाहत्तर वर्साच्या मान्साची जाऊन जाऊन काय जाईन?"

"सलामाची सवय जाईन. मंग घरी मले ठोकत बसान."

सोहळ्याच्या सकाळी मांडव भरला होता. कर्नलसाहेब पहिल्या रांगेत काठीवर हात ठेवून बसले होते. चारशे मुलं टोप्या घालून ताठ उभी. माइकवर सुलोचना मॅडम. नत्थू फाटकाशी, जिथून चिंचेपर्यंतचा रस्ता दिसतो. मेजरची दुर्बीण नव्हती, पण म्हाताऱ्याची दूरची नजर अजून चांगली होती.

वारस यायला लागले. काय ते वारस! नागपूरचे एक वकीलसाहेब दगड पिशवीत घालून ऑटोतून उतरले आणि फाटकापासून पळत गेले. एका डॉक्टरांनी आणलेला दगड इतका लहान होता की त्यांनी तो खिशातून काढला. एकांनी घराच्या बागेतलाच आणला होता, त्याला लागलेलं शेणखत अजून सुकायचं होतं. प्रत्येकाला टाळ्या पडल्या.

"आणि आता," सुलोचना मॅडम कागदावरून वाचू लागल्या, "ज्यांच्या घराण्यानं सर्वाधिक शिळा वाहिल्या, ते सतरा नंबरचे वारस..."

बाईंनी मान वर केली आणि पुढचं वाक्य गिळलं.

रस्त्यावरून सूरज येत होता. उजव्या खांद्यावर दगड, पाच शेराला भारी पडेल असा, नदीचं पाणी अजून पाठीवरून निथळत होतं. एका लयीत, घाई न करता, जसा ओझ्याचा माणूस पळतो तसा. आणि त्याच्या मागे वीस हात अंतरावर, पांढऱ्या हाफ पँटीत, डोक्यावर बाटलीभर पाणी ओतून घेतलेले, रिकाम्या हातांचे प्रफुलबाबू.

"अरे थांब! सूरज! इकडे दे! अबे दगड दे!"

नगरधन्यांच्या तीन पिढ्यांत खरोखर पळालेला हा पहिला माणूस. गुडघा कुठे दुखत होता, कोण जाणे. फाटकातून सूरज आत गेला तेव्हा नत्थूनं फाटक सताड उघडं धरलं होतं. प्रफुलबाबू आत जाताना मात्र डावा हात कानामागे गेला.

सूरज थेट चौथऱ्याशी गेला, दगड ठेवला आणि बाजूला उभा राहिला. टाळ्या कोणी वाजवाव्यात की नाही हे न कळल्यामुळे कोणीच वाजवल्या नाहीत.

कर्नलसाहेब उठले. "तुम्ही कोण?"

"सतरा नंबरचा बदली, साहेब."

"म्हणजे काय?"

"मालकानं चिंचेखाली बसाचं आन् आमी दगड आनाचा. माहा आजा बी हेच करे. ते एकेचाळीस त्यानंच आनले. हा बेचाळिसावा."

तेवढ्यात प्रफुलबाबू पोचले. "साहेब... हा... मदतनीस... मी फक्त..."

"मदत कसली?" कर्नलसाहेबांनी विचारलं. "दगड त्याच्याकडे होता आणि पळत तुम्ही होता."

मांडवात मागच्या बाजूनं कोणीतरी फिसकन हसलं. कर्नलसाहेबांनी वाकून दगड उलटा केला. बुडाला ताज्या तीन रेघा. त्यांनी चौथऱ्यावरच्या त्रिशूलाकडे पाहिलं, पहिल्या रांगेतल्या मुलाच्या टोपीकडे पाहिलं, पुन्हा दगडाकडे पाहिलं.

"ही खूण कोणाची?"

झिंगरूला जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी असा, उत्तर आधीच खिशात न ठेवता, विचारला नव्हता.

"माह्या आज्याची," सूरज म्हणाला. "बाबा हाये फाटकावर. त्याईले इचारा."

सुलोचना मॅडम मंचावरून उतरल्या. माइकची वायर ओढत फाटकाकडे निघाल्या, जेवढी पुरली तेवढं आल्या आणि नत्थूला हातानं बोलावलं. त्यांच्या दुसऱ्या हातात हाजिरीचा कागद होता.

"काका," बाई म्हणाल्या, "पुरावा पळत आला. सतरा नंबर तुम्ही पुकारा."

आता बघा, या म्हाताऱ्यानं पंधरा वर्षं भाषण तयार करून ठेवलं होतं. लोणचं, बिस्किटं, पेरू, उभा घोडा, सहा गाद्या. सगळं क्रमानं. मांडवात हशा पिकला असता आणि नगरधन्यांना जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यानं माइक हातात घेतला. प्रफुलबाबू ओल्या केसांनी, हात जोडल्यासारखे करून त्याच्याकडे बघत होते. नत्थूनं तोंड उघडलं आणि त्याला लोणचं आठवेना, घोडा आठवेना. फक्त तो खांद्यातला खळगा आठवला.

"बदली नंबर सतरा!" तो ओरडला. आवाज फाटला. "झिंगरू लच्छू कुमरे!"

मुलांना काय, हाजिरीत नाव आलं की ओरडायचं, ही सवय. चारशे गळे एका दमात सुटले.

"हाजिर, श्रीमान!"

बराकींच्या कौलांवरची कबुतरं उडाली. मुलींच्या रांगेतली, टोपी कानापर्यंत आलेली एक मुलगी एक क्षण उशिरा, एकटीच, पुन्हा ओरडली, "हाजिर, श्रीमान!" आणि मग कर्नलसाहेबांनी काठी डाव्या हातात घेतली आणि सलाम केला. दगडाला.

नत्थूची नोकरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सूरजचा दगडासह फोटो आला, मागे प्रफुलबाबू पळताना, आणि खाली छापलं होतं, 'बदली परंपरेला उजाळा : अध्यक्षांचा अभिनव उपक्रम'. प्रफुलबाबूंनी तो फोटो फ्रेम करून कचेरीत लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, की कामगारांची दखल घ्यावी हे आपल्या मनात फार दिवसांपासून होतं. चौथऱ्यावर झिंगरूचं नाव काही आलं नाही. संगमरवर आधीच कोरून झाला होता म्हणे. त्रिशूलही तसाच आहे. एवढ्या टोप्या पुन्हा कोण भरणार?

त्या टोप्या रोज सकाळी सातला फाटकातून आत जातात. नत्थू आता त्या वेळी खुर्चीवर बसत नाही. पहिली टोपी दिसली की उठतो, टाचा जुळवतो आणि उजवा हात कपाळाला लावतो. शेवटचं पोर आत जाईपर्यंत तो हात खाली येत नाही. मग प्रफुलबाबूंची गाडी येते, आणि म्हाताऱ्याच्या कानामागे एकदम खाज सुटते.